ग्राफिक्स कार्ड कोणाच्या आवाक्यात?



निमंत्रणपत्रिका वाचून काही परिचितांनी मला विचारलं, की स्मृतिव्याख्यानाला हा बाजारभावाचा विषय कशासाठी? ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुलं गेम खेळण्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरून घेतात ती वस्तू. ती महाग झाली तर त्यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? मला हे पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज सांगायचं आहे. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची आज घरोघरी चर्चा आहे, ती दुकानात सुट्या मिळणाऱ्या कार्डांवर वाढली. आणि तिची मागणी पुरवता पुरवता तेच कार्ड आज सामान्य गिऱ्हाइकाच्या हातातून निसटत चाललं आहे. गेम खेळणाऱ्याला याचा त्रास होतोच. पण खरं नुकसान शिकणाऱ्याचं आहे.

आधी भाव बघू. मार्च २०१७ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड बाजारात आलं. त्या वेळी घरगुती गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या सर्वांत ताकदवान कार्डांपैकी ते एक होतं. अमेरिकेतली जाहीर किंमत ६९९ डॉलर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं, ते १,५९९ डॉलरला. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची किंमत १,९९९ डॉलर, आणि भारतात ती २ लाख १४ हजार रुपये जाहीर झाली. जाहीर झाली असं मी मुद्दाम म्हणतो, कारण त्या भावाला कार्ड मिळणंच मुश्कील होतं. माल येताच संपायचा आणि पुढे मिळे तो वाढीव दराने. मधल्या काळातली महागाई धरली, तर २०१७ चे ६९९ डॉलर २०२५ मध्ये साधारण नऊशे डॉलरांच्या आसपास जातात. म्हणजे महागाई वजा केली तरी सर्वांत वरच्या कार्डाची किंमत दुपटीहून जास्त झाली.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. २०१७ च्या त्या कार्डातली चिप ४७१ चौरस मिलिमीटरची होती, ५०९० मधली ७५० चौरस मिलिमीटरची आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, अशा शंभर चिपासुद्धा बसत नाहीत, आणि नव्या तंत्राची चकती जुन्यापेक्षा कितीतरी महाग पडते. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी २०२२ च्या सप्टेंबरमध्येच सांगून टाकलं होतं, की चिपा काळाबरोबर स्वस्त होत जातात ही आता जुन्या काळची गोष्ट झाली. यात तथ्य आहे. पण सगळं तथ्य यात नाही.

उरलेलं समजण्यासाठी कार्ड उघडून बघावं लागतं. वरचे पंखे आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांचा भलामोठा ठोकळा काढला, की खाली हिरवी किंवा काळी पट्टी दिसते. मधोमध मुख्य चिप. तिच्या तिन्ही-चारी बाजूंना नखाएवढ्या काळ्या चौकोनांची रांग, ती मेमरी. संगणकाची साधी रॅम आपण काढून बदलू शकतो, वाढवू शकतो. ही मेमरी पट्टीवर डाख देऊन कायमची बसवलेली असते. आठ जीबीचं कार्ड घेतलंत, तर ते शेवटपर्यंत आठ जीबीचंच राहणार. मुख्य चिप एनव्हिडिया स्वतः बनवत नाही, तैवानची टीएसएमसी बनवून देते. मेमरी येते ती प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून. हे सगळं जोडून खोक्यात घालून विकणाऱ्या कंपन्या वेगळ्याच. त्यांच्या हातात किती थोडं उरतं, याची कल्पना एका घटनेवरून येईल. ईव्हीजीए ही अमेरिकेतली नावाजलेली कार्ड-कंपनी २०२२ मध्ये या धंद्यातून पूर्ण बाहेर पडली.

मेमरीचे हे काळे चौकोन लक्षात ठेवा. माझं आजचं बरंचसं म्हणणं त्यांच्याभोवतीच आहे.

एनव्हिडियाची स्थापना १९९३ सालची. १९९९ मध्ये तिने जीफोर्स २५६ बाजारात आणलं आणि जगातलं पहिलं जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची गणितं करणारी चिप, म्हणून त्याची जाहिरात केली. काम एकच, पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग सेकंदाला अनेकदा नव्याने काढायचे. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब सोपा, पण सगळे एकाच वेळी करायचे. म्हणून अशा चिपांत थोड्या हुशार गणकांऐवजी अनेक, पुढे शेकडो आणि हजारो, साधे गणक बसवले गेले. आता आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया असलेल्या न्यूरल नेटवर्कलाही नेमकं हेच लागतं. आकड्यांच्या प्रचंड कोष्टकांचे गुणाकार, एकाच वेळी. २००६ मध्ये एनव्हिडियाने कूडा ही प्रणाली आणली आणि गेमच्या कार्डावर कोणालाही स्वतःचं गणित चालवता येऊ लागलं. त्याला वेगळी परवानगी नको होती, संस्थेचं पत्र नको होतं. कार्ड विकत घ्या, सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि कामाला लागा.

याचं फळ २०१२ मध्ये दिसलं. टोरांटो विद्यापीठातले जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अॅलेक्स क्रिझेव्स्की आणि इल्या सुट्स्केव्हर, यांनी चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत भाग घेतला. त्यांची चूक १५.३ टक्के आली. दुसऱ्या क्रमांकाच्या गटाची २६.२ टक्के. इतका फरक त्या स्पर्धेने पाहिला नव्हता. हे नेटवर्क शिकवलं गेलं दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, पाच-सहा दिवसांत. ५८० हे गेमचं कार्ड, २०१० मध्ये ४९९ डॉलरला बाजारात आलेलं. त्यांच्या शोधनिबंधात एक बारकावा आहे. प्रत्येक कार्डावर मेमरी फक्त तीन जीबी होती. नेटवर्क तेवढ्यात मावेना, म्हणून त्यांनी ते दोन तुकड्यांत विभागून दोन कार्डांवर बसवलं. अडचण मेमरीची होती आणि तोडगा होता आणखी एक कार्ड विकत घेण्याचा. विद्यार्थ्याला परवडेल असा तोडगा. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास सांगताना लोक मोठमोठ्या कल्पनांची नावं घेतात. दुकानातून सहज मिळालेल्या त्या दुसऱ्या कार्डाचं श्रेय मला तितकंच मोठं वाटतं.

पुढचं आपण सर्वांनी पाहिलं आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि मोठ्या कंपन्यांनी डेटा सेंटरं उभारण्याचा सपाटा लावला. त्यासाठी लागणाऱ्या एनव्हिडियाच्या एच१०० सारख्या एकेका चिपेला पंचवीस-तीस हजार डॉलर मोजले जाऊ लागले. हिशेब सरळ आहे. तेच टीएसएमसीचे कारखाने, तेच मेमरीवाले. एका चिपेचे पंचवीस हजार मिळत असतील, तर दोन हजार देणाऱ्याला कोण आधी माल देईल? एनव्हिडियाच्या विक्रीच्या आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे २७ अब्ज डॉलर होती आणि त्यातले जवळजवळ साडेबारा अब्ज गेमिंगचे होते. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षी विक्री १३० अब्जांवर गेली. डेटा सेंटरचे ११५ अब्ज, गेमिंगचे ११ अब्ज आणि थोडे वर. म्हणजे जे गिऱ्हाईक पूर्वी निम्म्याच्या जवळपास कमाई देत होतं, ते आता नऊ टक्क्यांच्याही खाली आलं. त्याची नाराजी आता कंपनीला सहज परवडते.

मेमरीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. डेटा सेंटरच्या चिपांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, थरावर थर रचून केलेली. तेवढीच साठवणक्षमता संगणकाच्या साध्या डीडीआर५ रॅममध्ये बनवायला जितकं सिलिकॉन लागतं, त्याच्या साधारण तिप्पट एचबीएमला लागतं, असं खुद्द मायक्रॉनने सांगितलं आहे. कारखाने तेच आणि बनवणारे तिघेच. तेव्हा एचबीएमची एक चकती वाढली, की साध्या मेमरीची बाजारातून गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी करार जाहीर केले, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या गरजेचा उल्लेख होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत संगणकाच्या साध्या रॅमचे भाव जगभर दुपटी-तिपटीने चढले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं, की ती क्रूशल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार. जवळजवळ तीस वर्षं चाललेला हा ब्रँड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याने कधी पीसी असेंबल करून घेतला आहे, त्याच्या ओळखीचं नाव. आता तिथे कोटेशन मागितलं, की दुकानदार आधी बजावतो, भाव आजच्यापुरता आहे.

काही जण म्हणतात, अशी लाट पूर्वीही आली होती आणि ओसरली. खरं आहे. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांवर गणितं करून ते चलन मिळवण्यासाठी, २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० नंतर लोकांनी कार्डं घाऊक उचलली. ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० त्या काळात दुप्पट भावाने विकलं जात होतं. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि मायनिंग एका रात्रीत संपलं. पण त्या लाटेत आणि या लाटेत एक मोठा फरक आहे, त्याकडे फारसं कोणी लक्ष वेधत नाही. मायनिंगवाले वापरत होते ती आपलीच कार्डं होती. धंदा बसल्यावर ती सेकंडहँड बाजारात आली आणि कितीतरी मुलांचे संगणक त्यातून उभे राहिले. डेटा सेंटरची चिप अशी परत येणार नाही. एच१०० ला पडदा जोडायची सोयच नाही. सर्व्हरसाठीचा तिचा जो मुख्य नमुना आहे, तो ७०० वॉट वीज घेतो आणि घरच्या मदरबोर्डवर तो बसवायला जागाच नसते. उद्या ही लाट ओसरली, तरी या चिपा भंगारात जातील किंवा दुसऱ्या सर्व्हरमध्ये. आपल्या टेबलावर त्या येणार नाहीत.

आता मी ज्याला कुंपण म्हणतो, म्हणजे घरगुती कार्डांना घातलेल्या मर्यादा, त्याबद्दल. मला यात कटकारस्थान दिसत नाही, व्यापार दिसतो. पण कुंपण आहे हे नक्की. २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० या मधल्या कार्डावर आठ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० वरही आठच. त्याच वर्षीचं ५०६० टीआय हे कार्ड दोन प्रकारांत आलं, आठ जीबीचं ३७९ डॉलरला आणि सोळा जीबीचं ४२९ डॉलरला. चिप तीच. म्हणजे तेव्हाच्या भावाने दुप्पट मेमरी ग्राहकाला पन्नास डॉलरमध्ये देता येत होती. तरीही आठ जीबीची कार्डं बाजारात येत राहतात. दोन कार्डं थेट जोडण्याची एनव्हीलिंक ही सोय आरटीएक्स ३०९० वर होती, ४०९० वरून ती काढली. क्रिझेव्स्कीने दोन कार्डं जोडून जे केलं, त्याच वाटेवरची ही सोय होती. २०१७ च्या अखेरीस तर ड्रायव्हरच्या परवान्यातच अट घातली गेली, की जीफोर्स, म्हणजे घरगुती, कार्डं डेटा सेंटरमध्ये वापरायची नाहीत. अमेरिकेची चीनवर चिपांची निर्यातबंदी आल्यावर तिथल्या कारागिरांनी ४०९० ची चिप काढून नव्या पट्टीवर बसवली आणि २४ जीबीऐवजी ४८ जीबीची कार्डं तयार केली. मेमरीची मर्यादा कुठवर तांत्रिक आणि कुठून पुढे व्यापारी, हे त्यांनी हाताने दाखवून दिलं.

आठ जीबीने अडतं काय, असं गेम न खेळणारा विचारेल. ७०० कोटी पॅरामीटरचं एक भाषा-मॉडेल घ्या. आजच्या मानाने हे लहानच. प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट धरले, तर नुसतं ते मेमरीत भरायला १४ जीबी लागतात. आकडे आखडून चार बिटांत बसवले, तर साडेतीन जीबीत मावतं आणि चालवता येतं. पण त्याला काही नवं शिकवायचं, म्हणजे उदाहरणार्थ मोडीतल्या कागदांचं वाचन किंवा वऱ्हाडी बोलीचं ध्वनिमुद्रण, तर आणखी जागा लागते आणि आठ जीबीचं कार्ड तिथे बहुतेकदा हात टेकतं. हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीचा मोठा मजकूरसंग्रह आणि महाबर्ट हे मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं, आणि त्या गटाच्या निबंधांवर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची नावं आहेत. मराठीचं हे काम कॅलिफोर्नियातली कंपनी आपल्यासाठी करून देईल या भरवशावर बसता येत नाही. ते करणारी मुलं आपल्याकडचीच असणार, आणि त्यांच्या हातात यंत्र हवं.

इथे मला १९९१ ची आठवण करून द्यायची आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा होता तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. अभिमानाने आपण ही गोष्ट सांगतो, पण तो उभा कशावर राहिला हे सांगायला विसरतो. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा बाजारात विकत मिळत होत्या. अशा अनेक चिपा एकमेकींना जोडून, काम वाटून देऊन तो महासंगणक झाला. क्रे मिळत नव्हता, सुटा भाग मिळत होता. मागून येणाऱ्याला पुढे जाता येतं ते सुट्या भागाच्या जोरावर. पुण्याने १९९१ मध्ये हे केलं आणि टोरांटोच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये.

आज सरकार काही करत नाही असं नाही. मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांचं इंडियाएआय मिशन मंजूर झालं. त्यातून ३८ हजारांच्या आसपास जीपीयू उपलब्ध केल्याचं सांगितलं जातं, आणि दर ताशी साधारण ६५ रुपये, जगाच्या बाजारापेक्षा बराच कमी. आपल्या पनवेलजवळच्या योट्टा कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये २०२४ मध्येच एच१०० चिपा येऊन पोचल्या. मोठ्या कामाला भाड्याचं यंत्रच योग्य, यात मला शंका नाही. दोन लाखांहून महाग कार्ड घेऊन वर्षातून दोनदा वापरण्यात शहाणपण नाही. पण शिकणं भाड्याने होत नाही. मीटर चालू असताना मुलगा चुका करायला घाबरतो. रात्री अकराला सुचलेलं करून बघत नाही, कारण त्यासाठी अर्ज, मंजुरी, पैसे भरणं आलं. गुगलचं कोलॅब, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं यंत्र, फुकट मिळतं, तिथे टी४ कार्डावर माझ्या ओळखीतल्या किती मुलांनी पहिली पावलं टाकली आहेत! पण ते मधेच तुटतं, आणि चालू काम तिथेच राहतं. स्वतःच्या यंत्रावर चूक करायला पैसे पडत नाहीत, आणि म्हणून तिथे माणूस शिकतो.

विद्यार्थी विचारतात, मग घ्यायचं काय? सर्वांत नव्याच्या मागे लागू नका. मेमरी बघा, आकड्यातला नवेपणा बघू नका. २०२१ चं आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं आहे, आणि शिकण्यासाठी ते आजच्या आठ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा उपयोगी पडतं. चार-पाच मित्रांनी मिळून २४ जीबीचं जुनं ३०९० घेतलं तर उत्तमच, फक्त विकत घेण्याआधी तासभर चालवून तापमान आणि पंखे तपासा. इंटेलचं बी५८० हे कार्ड २०२४ च्या डिसेंबरमध्ये २४९ डॉलरला बारा जीबी घेऊन आलं, एएमडीचीही चांगली कार्डं आहेत. त्यांवर कूडा चालत नाही, ही खरी अडचण. पण एका कंपनीच्या मक्तेदारीतून सुटायचं तर कोणीतरी ती अडचण सोसून दुसऱ्या वाटेवरचं सॉफ्टवेअर सुधारलंच पाहिजे. तुम्ही ते करू शकता, आणि त्याची नोंद जगभर होते.

शेवटची विनंती या सभागृहात बसलेल्या संस्थाचालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आहे. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी पाचला कुलूपबंद होतात आणि आतली यंत्रं सकाळपर्यंत निजतात. प्रत्येक महाविद्यालयाने चोवीस जीबी मेमरीचं एक तरी कार्ड असलेलं यंत्र घ्यावं, ते रात्रीही चालू ठेवावं, आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला नाव नोंदवून ते वापरता यावं. त्यासाठी हजेरी, गुण, शिफारसपत्र काही मागू नये. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाएवढा आहे. माजी विद्यार्थ्यांनी जुनी कार्डं विकण्याऐवजी आपल्या महाविद्यालयाला द्यावीत. आणि इंडियाएआयच्या जीपीयूंमधला ठरावीक वाटा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाच्या कटकटीविना राखून ठेवावा, ही मागणी विद्यापीठांनी सरकारकडे लेखी करावी. या व्याख्यानमालेच्या वतीने तसा ठराव आजच करता आला, तर त्यावर पहिली सही करायला मी तयार आहे.